श्वासातून दिले जाणारे औषध

(बालकांची तीव्र श्वसन-अक्षमता आणि वायुचिकित्सा या विषयावर रिसोड येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



औषध म्हटले की गोळी, बाटली आणि सुई एवढेच सामान्यतः डोळ्यांसमोर येते. वायू हेही औषध असू शकते, त्यालाही मात्रा असते, अतिमात्रेचे दुष्परिणाम असतात, आणि एका आजारात तारून नेणारा वायू दुसऱ्या आजारात निरुपयोगी ठरू शकतो, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. ती ध्यानात येण्याची वेळ बहुधा फार वाईट असते. रिसोडहून वाशीमला, वाशीमहून अकोल्याला आणि तेथून नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरला नेलेले बालक व्हेंटिलेटरवर असते. बाहेर बाकावर आजोबा, काका, मामा बसलेले असतात. आणि आतून निरोप येतो की एक खास वायू आहे, महाग आहे, द्यायचा का? घरातील मंडळी त्या क्षणी हिशोब करीत नाहीत. तूर विकली जाते, दागिने मोडले जातात, प्रसंगी शेताचा सौदा होतो. तो वायू कोणता, तो कोणत्या बालकाला खरोखर उपयोगी पडतो आणि कोणत्या बालकाला नाही, हे ज्ञान अशा प्रसंगाच्या आधीच घरात असावे, या हेतूने आजचा विषय योजिला आहे.

प्रथम आजाराविषयी. फुप्फुसाचे काम दुहेरी आहे : हवेतील प्राणवायू रक्तात पोहोचविणे आणि रक्तातील कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकणे. हे काम अचानक आणि धोकादायक प्रमाणात कोलमडले म्हणजे तीव्र श्वसन-अक्षमता. मोठ्या माणसापेक्षा बालकात ती लवकर ओढवते. श्वासनलिका मुळातच अरुंद असते, त्यामुळे थोडीशी सूजही मार्ग बराचसा बंद करते. बरगड्या मऊ असतात. श्वास ओढताना त्यांच्याखाली खड्डा पडतो आणि पोट उडते. शिवाय शरीराच्या वजनाच्या मानाने प्राणवायूची गरज जास्त, आणि थकल्यावर उसना आणण्यासारखा शक्तीचा साठा कमी. न्यूमोनिया, बाळदमा, गर्भातील पहिली शी श्वासाबरोबर आत जाणे, वेळेआधी जन्म, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग अशी कारणे अनेक आहेत. परंतु शेवटी अडते ते एकाच ठिकाणी, हवा आणि रक्त यांच्या भेटीत.

या भेटीसाठी जे वायू दिले जातात त्यांत पहिला मान अर्थातच प्राणवायूचा. १७७४ साली इंग्लंडमध्ये जोसेफ प्रीस्टली यांनी तो वेगळा केला. स्वीडनच्या शील यांनी तो त्याही आधी मिळविला होता, परंतु त्यांचे लिखाण उशिरा प्रसिद्ध झाले. औषध म्हणून त्याचा शास्त्रशुद्ध वापर मात्र पहिल्या महायुद्धात सुरू झाला. विषारी वायूने फुप्फुसे जळालेल्या सैनिकांना प्राणवायू कसा द्यावा, हे जॉन स्कॉट हाल्डेन यांनी १९१७ मध्ये लिहिले. तोवर नाकासमोर नळी धरून वायू सोडून देणे म्हणजेच उपचार, अशी समजूत होती.

मात्रेचा धडा मात्र बालकांच्या डोळ्यांनी शिकविला, आणि त्याची किंमत भयंकर होती. १९४० च्या दशकात अमेरिकेत व युरोपात वेळेआधी जन्मलेली बाळे वाचविण्यासाठी हवाबंद पेट्या आल्या, त्यांत मुक्तहस्ते प्राणवायू सोडला जाई. बाळे वाचू लागली आणि त्यांतील हजारो बाळे आंधळी होऊ लागली. १९४२ मध्ये बोस्टनच्या टेरी यांनी या अंधत्वाचे प्रथम वर्णन केले; १९५१ मध्ये मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल यांनी अतिरिक्त प्राणवायूकडे बोट दाखविले. आणि १९५३-५४ च्या अमेरिकेतील संयुक्त चाचणीने तो संशय सिद्ध केला. अपक्व डोळ्याच्या पडद्यावरील रक्तवाहिन्या जादा प्राणवायूमुळे वाढायच्या थांबतात, आणि पुढे वेड्यावाकड्या वाढून पडदाच ओढून सोडवितात. त्यानंतर लंबक दुसऱ्या टोकाला गेला. प्राणवायू सरसकट कमी करण्यात आला; अंधत्व घटले, पण प्राणवायूअभावी मृत्यू वाढले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत पुन्हा हाच प्रश्न तपासला गेला. रक्तातील प्राणवायूचे प्रमाण ८५ ते ८९ टक्के ठेवलेल्या अपक्व बाळांत १९.९ टक्के दगावली, ९१ ते ९५ टक्के ठेवलेल्यांत १६.२ टक्के, डोळ्यांचा गंभीर विकार मात्र कमी प्रमाण ठेवलेल्या गटात कमी. सुमारे सत्तर वर्षांच्या खटाटोपानंतर हाती आलेली ही अरुंद वाट आहे. म्हणून ‘बाळ काचेच्या पेटीत ठेवले आहे, प्राणवायू चालू आहे’ एवढे ऐकून समाधान मानू नये. किती चालू आहे आणि बाळाच्या पायावरील यंत्र किती आकडा दाखविते, हे विचारणे हा पालकांचा हक्क आहे. वेळेआधी जन्मलेल्या बाळाचे डोळे तज्ज्ञाकडून पहिल्या महिन्यातच तपासून घ्यावे लागतात. ही तपासणी चुकली तर पुढे शस्त्रक्रियाही फारसे काही परत देऊ शकत नाही.

आता ज्याला ‘खास वायू’ म्हणतात त्याकडे वळू. त्याचे नाव नायट्रिक ऑक्साइड. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देण्यासाठी वापरला जाणारा ‘हसविणारा वायू’ तो हा नव्हे. तो नायट्रस ऑक्साइड. नामसादृश्यामुळे शिकलेल्या माणसांचीही येथे गफलत होते. नायट्रिक ऑक्साइड तर अनेक वर्षे केवळ धुरातील एक प्रदूषक म्हणून ओळखला जात होता. आपल्याच रक्तवाहिन्यांच्या अस्तरात तो क्षणोक्षणी तयार होतो आणि वाहिन्यांना सैल होण्याचा निरोप देतो, हे १९८० च्या दशकात उलगडले आणि त्या शोधासाठी फर्चगॉट, इग्नारो व मुराद या तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

त्याचा फुप्फुसातील उपयोग समजण्यासाठी गर्भावस्थेकडे पाहावे लागते. आईच्या पोटात बाळ श्वासातून प्राणवायू घेत नाही. तो वारेतून मिळतो. फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या त्या वेळी आवळलेल्या असतात आणि रक्त त्यांना वळसा घालून जाते. जन्मानंतर पहिल्या काही श्वासांत या वाहिन्या उघडतात. काही बाळांत, दर हजारी सुमारे दोन बाळांत, त्या उघडतच नाहीत. बाळ पूर्ण दिवसांचे, वजनाने चांगले. हवा फुप्फुसात जाते, पण रक्त तेथे पोहोचत नाही. कितीही प्राणवायू दिला तरी बाळ निळेच राहते. अशा बाळाच्या श्वासात हवेच्या दहा लाख भागांत अवघे २० भाग नायट्रिक ऑक्साइड मिसळला तर तो फुप्फुसातील वाहिन्या सैल करतो. त्याचे वैशिष्ट्य असे की तो रक्तात उतरताच हिमोग्लोबिनला चिकटून काही क्षणांत निष्प्रभ होतो. त्यामुळे परिणाम फुप्फुसापुरता राहतो आणि बाकीच्या शरीराचा रक्तदाब कोसळत नाही. शिरेतून दिलेल्या कोणत्याही औषधाला इतका नेमका पत्ता सापडत नाही.

१९९२ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात दोन वैद्यकीय गटांनी अशा नवजात बाळांवरील पहिले अनुभव मांडले. १९९७ मध्ये अमेरिका व कॅनडातील २३५ बाळांच्या चाचणीचा निष्कर्ष आला. नेहमीचा उपचार मिळालेल्या बाळांपैकी ६४ टक्के बाळे दगावली किंवा त्यांना शरीराबाहेरील कृत्रिम फुप्फुस-यंत्राचा आधार द्यावा लागला. नायट्रिक ऑक्साइड मिळालेल्यांत हे प्रमाण ४६ टक्के होते. डिसेंबर १९९९ मध्ये अमेरिकेच्या औषध-नियामक संस्थेने पूर्ण व जवळजवळ पूर्ण दिवसांच्या नवजात बाळांसाठी त्यास मान्यता दिली.

या आकड्यांत एक खोच आहे, आणि ती जाहिरातीत सांगितली जात नाही. केवळ मृत्यू मोजले तर ते १७ टक्के आणि १४ टक्के, म्हणजे सांख्यिकीच्या दृष्टीने जवळपास सारखेच होते. वायूने प्रामुख्याने कृत्रिम फुप्फुस-यंत्राची गरज टाळली. जेथे ते यंत्र तयार होते, तेथे इतर बाळे त्या यंत्रामुळे वाचली. आपल्या भागात ते यंत्र हाताशी नाही. त्यामुळे येथे या वायूचे मोल कदाचित अधिकच ठरेल, परंतु तसे म्हणताना ते अनुमान आहे, पुरावा नव्हे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. जन्मतः पडदा फाटून आतडी छातीत शिरलेल्या बाळांत तर हा वायू उपयोगी पडत नाही, असेच आढळले आहे.

मोठ्या बालकांची गोष्ट निराळी आहे, आणि फसगत होते ती येथेच. चार वर्षांचे मूल, गंभीर न्यूमोनिया, दोन्ही फुप्फुसे पाण्याने भरल्यासारखी पांढरी. नायट्रिक ऑक्साइड सुरू करताच पडद्यावरील आकडा वर चढतो, कारण फुप्फुसाच्या ज्या भागात अजून हवा जाते त्याच भागाकडे हा वायू रक्त वळवितो. नातेवाइकांच्या जिवात जीव येतो. पण एक-दोन दिवसांत तो फायदा ओसरतो. या विकारावरील १४ चाचण्यांचा, मुले व प्रौढ मिळून बाराशेहून अधिक रुग्णांचा, एकत्रित आढावा घेतला गेला तेव्हा मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत. उलट मूत्रपिंडांना इजा होण्याचा धोका वाढलेला दिसला. कारण उघड आहे. असे मूल बहुधा केवळ प्राणवायू कमी पडल्यामुळे जात नाही. पसरलेला संसर्ग आणि एकामागून एक थकणारे अवयव त्याला नेतात. फार कमी दिवसांच्या अपक्व बाळांतही हा वायू नित्यनियमाने वापरू नये, असा निर्वाळा अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञ-परिषदेने २०१० मध्ये दिला.

याचा अर्थ डॉक्टरांनी तो कधीच सुचवू नये असा नाही. फुप्फुसाचा रक्तदाब फार चढलेला असताना किंवा हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर काही तास तग धरण्यासाठी तो दिला जातो, आणि ते योग्यही असते. पण पालकांनी दोन प्रश्न अवश्य विचारावेत : फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांचा दाब वाढल्याचे हृदयाच्या सोनोग्राफीत दिसले आहे काय? आणि काही तासांत फरक पडला नाही तर वायू बंद केला जाईल काय? बंद करतानाही तो हळूहळू कमी करावा लागतो. एकदम तोडल्यास वाहिन्या पूर्वीपेक्षा घट्ट आवळतात. हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन त्यापासून विषारी नायट्रोजन डायऑक्साइड बनतो, त्यावरही सतत नजर हवी. ही मोजणी करणारी यंत्रणा नसलेल्या ठिकाणी तो न दिलेलाच बरा. अनेक नवजात कक्षांत त्याऐवजी सिल्डेनाफिल हे स्वस्त औषध वापरतात; ते त्याच साखळीच्या पुढील कडीवर काम करते, मात्र त्याचा परिणाम फुप्फुसापुरता राहत नाही आणि रक्तदाब उतरू शकतो.

तिसरा वायू हेलियम. त्याचे नाव निघाले की कोकणातील विजयदुर्ग आठवावा, कारण तेथील ‘साहेबाचे कट्टे’ हेलियमच्या शोधाशी जोडले जातात. वस्तुस्थिती थोडी वेगळी आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन आंध्रातील गुंटूर येथे होते. इंग्लंडच्या नॉर्मन लॉकियर यांनी ती पिवळी रेषा त्याच वर्षी ऑक्टोबरात मायदेशी राहून पाहिली. ते विजयदुर्गास आले जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. पृथ्वीवर हेलियम सापडला १८९५ मध्ये, आणि १९३० च्या दशकात अमेरिकेच्या अल्व्हान बराख यांनी तो प्राणवायूत मिसळून दम्याच्या व श्वासनलिका आवळलेल्या रुग्णांना दिला. हे मिश्रण हवेच्या साधारण एक तृतीयांश घनतेचे असल्याने अरुंद वाटेतून सहज सरकते. ते आजार बरा करीत नाही. औषधाला काम करण्यास अवधी मिळवून देते. ज्या बालकाला भरपूर प्राणवायूची गरज आहे त्याला ते देता येत नाही, कारण हेलियम जास्त मिसळला तरच ते हलके राहते.

एवढी चर्चा मोठ्या शहरातील महागड्या कक्षांची झाली. रिसोड तालुक्यातील बालकाचे भवितव्य मात्र बहुतेक वेळा त्या कक्षाच्या कितीतरी आधी, घराच्या ओसरीवर आणि गाडीत ठरते. याविषयी सर्वांत बोलका पुरावा विदर्भातीलच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९८८ च्या सुमारास गावातील आरोग्यदूत व सुईणींना न्यूमोनिया ओळखून प्रतिजैविक देण्यास शिकविले. त्यांतील अनेक सुईणी निरक्षर होत्या. त्यांना साठपर्यंत आकडे मोजणे जमेना. तेव्हा मण्यांचे साधे श्वास-मोजणी यंत्र तयार झाले. दर दहा श्वासांमागे एक मणी सरकवायचा. एका मिनिटाच्या वाळूच्या घड्याळातील रेती संपण्यापूर्वी शेवटच्या लाल मण्यापर्यंत हात पोहोचला तर न्यूमोनिया. नवकारवालीचे मणी फिरविणाऱ्या हातांना हे यंत्र समजावून सांगावे लागणार नाही. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार उपचार मिळालेल्या ६१२ बालकांत मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के होते, तर तुलनेच्या भागात ते १३.५ टक्के होते. तेथे कोणताही खास वायू नव्हता.

मोजण्याचे निकष सोपे आहेत. दोन महिन्यांखालील बाळात मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास म्हणजे डॉक्टरांकडे जाण्याची वेळ. बरगड्यांखाली खड्डा पडत असेल किंवा मूल अंगावर पीत नसेल तर तासाचाही विलंब नको. ओठ निळे होण्याची वाट पाहू नये. रक्तक्षय असलेल्या मुलांत, आणि आपल्याकडे तो फार आहे, निळेपणा शेवटपर्यंत दिसतच नाही.

जेथे प्राणवायूची आणि तो मोजण्याची सोय झाली तेथे काय घडले, याचे उदाहरण पापुआ न्यू गिनीचे आहे. तेथील पाच रुग्णालयांत हवेतून प्राणवायू वेगळा करणारे कॉन्सन्ट्रेटर आणि बोटावरील ऑक्सिमीटर बसविल्यावर न्यूमोनियाच्या बालरुग्णांतील मृत्यू ४.९७ टक्क्यांवरून ३.२२ टक्क्यांवर आले. २००८ मध्ये हे प्रसिद्ध झाले. ढाका येथील रुग्णालयात डॉ. चिस्ती यांनी शाम्पूच्या रिकाम्या बाटलीत पाणी भरून, श्वास सोडण्याची नळी त्यात बुडवून, फुप्फुस उघडे ठेवणारा दाब निर्माण केला. २०१५ च्या अहवालात त्या गटात ४ टक्के बालके दगावली, साध्या नळीच्या गटात १५ टक्के. हे वाचून अनेकांना हुरूप आला. परंतु मलावीत, जेथे खाटेजवळ डॉक्टर सतत नव्हते, तशाच तत्त्वावरील यंत्राने उलटे घडविले : २०१९ च्या अहवालात यंत्राच्या गटात १७ टक्के मृत्यू, साध्या प्राणवायूच्या गटात ११ टक्के. तेव्हा यंत्राबरोबर शिकलेला माणूस येत नसेल तर यंत्र दान करू नये, असे म्हणणे कठोर वाटले तरी आवश्यक आहे.

प्राणवायूची टंचाई काय असते हे २०२१ ने महाराष्ट्राला दाखविले. २१ एप्रिल रोजी नाशिकच्या महापालिका रुग्णालयात टाकीतून गळती होऊन पुरवठ्याचा दाब पडला आणि त्या दिवशी २२ रुग्ण गेले. त्या काळात भारतीय जैन संघटनेसह अनेक सेवाभावी संस्थांनी कॉन्सन्ट्रेटर उपलब्ध केले, शासनाने रुग्णालयांत प्राणवायू-निर्मिती संयंत्रे उभारली. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशीमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. साधने आली आहेत. प्रश्न आहे तो बालकाच्या मापाने ती सज्ज आहेत काय, हा. मोठ्यांसाठी आणलेल्या कॉन्सन्ट्रेटरवरील मापक मिनिटाला ५ किंवा १० लिटरपर्यंत जातो. नवजात बाळाला अर्धा ते एक, तान्ह्या मुलाला एक ते दोन लिटर पुरतात. त्यासाठी लहान आकड्यांचा वेगळा मापक लागतो, नाकपुडीच्या आकाराच्या बारीक नळ्या लागतात, आणि पायाला गुंडाळण्याचा बाल-ऑक्सिमीटर लागतो. मोठ्यांचा चिमटा बाळाच्या बोटावर खोटा आकडा दाखवितो. मेंदी, गार पडलेले हात आणि हलणारे बोट यांनीही आकडा चुकतो. त्वचा सावळी असेल तर काही यंत्रे खऱ्यापेक्षा थोडे अधिक दाखवितात, म्हणून ९० च्या आसपासच्या आकड्यावर निर्धास्त राहू नये. एखाद्या ट्रस्टला या वर्षी आरोग्यासाठी काही घ्यावयाचे असेल, तर मोठ्या यंत्राच्या अनावरण समारंभापेक्षा या बारीकसारीक वस्तूंची यादी प्रथम पाहावी. त्यांवर देणगीदाराचे नाव कोरता येत नाही, एवढीच त्यांची अडचण आहे.

कॉन्सन्ट्रेटर विजेवर चालतो. भारनियमन असलेल्या गावात इन्व्हर्टर किंवा भरलेला सिलिंडर शेजारी हवा. त्याची हवा गाळणारी जाळी आठवड्याला धुवावी लागते. कपाटात वर्षभर झाकून ठेवलेले यंत्र सुरू झाले तरी त्यातून येणारा वायू शुद्ध असेलच असे नाही, तो मोजून घ्यावा. प्राणवायू चालू असलेल्या खोलीत निरांजन, उदबत्ती किंवा विडी पेटवू नये, नळीच्या तोंडाला तेल किंवा मलम लावू नये.

आणि प्रवासाचा हिशोब. रुग्णवाहिकेत असतो तो लहान, बी प्रकारचा सिलिंडर पूर्ण भरलेला असताना सुमारे १५०० लिटर वायू देतो. मिनिटाला एक लिटर या वेगाने तो पंचवीस तास पुरतो, दोन लिटरने साडेबारा तास. म्हणजे रिसोडहून अकोलाच काय, नागपूरपर्यंतही बालकाला पुरून उरावा. मात्र आधीच्या रुग्णाने तो कितपत रिकामा केला आहे, हे दाबमापकाच्या काट्यावर पाहिल्याखेरीज गाडी हलवू देऊ नये.